लाईट गेली नव्हती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बँडमधल्या कुणालाही नाही. दारू पिऊनसुद्धा नाही — आणि दारू पिऊन मी काय काय बोललो आहे ते यवतमाळात पुष्कळांना ठाऊक आहे. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कदाचित तुम्ही तो अल्बम ऐकला असेल, म्हणूनही.

बँडचं नाव फरदड. कापसाचा हंगाम संपला तरी झाडं उपटायची नाहीत, पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची, त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. चार जणांनी ते नाव एका रॉक बँडला दिलं. लोक हसले. मी हसलो नाही. मी त्यांना जागा दिली.

मी कोण? राळेगावात लग्नाच्या मांडवाला भोंगे बांधणारा माणूस. पुढे यवतमाळात आलो, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातली एक खोली मालकाशी भांडभांडून मिळवली, भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या आणि बाहेर स्टुडिओची पाटी लावली. घासाघीस हे माझं एकच शिक्षण. दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात कधी दिला नाही. फरदडचे आधीचे दोन अल्बम याच खोलीत झाले. दोन्हींवर माझं नाव इतकं बारीक छापलं होतं की चष्मा लावून शोधावं लागे. मी शोधायचो.

तिसरा अल्बम शेवटचा ठरला तो मिलिंदमुळे. मिलिंद त्यांचा गायक, केळापूरचा. त्याचे वडील भीमगीतं म्हणायचे, गळा तिकडून आलेला. त्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, नंतर आवाज किती उरेल ते सांगता येणार नाही म्हणाले, आणि तोवर बोलणंही कमी करायला सांगितलं. बाकी सगळं रेकॉर्ड झालं होतं. बाकीचे तिघं आपापलं वाजवून मोकळे झाले होते. राहिला होता फक्त एका गाण्याचा आवाज — ज्या गाण्यावरून अल्बमला नाव दिलं होतं, ते. मिलिंद एक बोट वर करून म्हणाला, "एक खेप, भाऊ. मग बंद."

मला हे सगळं माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

अल्बमचं नाव 'उलंगवाडी'. तो शब्द माझा. माझा म्हणजे — माझ्या आईचा. ती वेचणीला जायची. शेवटचा कापूस वेचून शेत रिकामं झालं की घरी येऊन पायांवर पाणी घेत म्हणायची, उलंगवाडी झाली. बस, एवढंच. चहा पिताना हे मी मिलिंदला सांगितलं होतं. त्याने पेनने तो शब्द तळहातावर लिहून घेतला. आणि टेकच्या, म्हणजे ते गाणं रेकॉर्ड करायच्या दिवशी सकाळी पेपरात त्याची मुलाखत आली. त्यात तो शब्द त्याचा होता. त्याच्या लहानपणातला, त्याच्या शेतातला. माझी आई कुठेच नव्हती. मी होतो — 'स्थानिक स्टुडिओ' म्हणून.

त्याला विचारायला हवं होतं ना? एरवी मी आठ आण्यासाठी बाजार डोक्यावर घेणारा माणूस. त्या दिवशी पेपर घडी करून खुर्चीखाली ठेवला आणि वर बसलो.

टेकच्या वेळी आम्ही पंखा बंद करत असू. माइकमध्ये घरघर येते. उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते, त्यामुळे गाणं संपलं की आतून येणारा माणूस आधी पंख्याचं बटण दाबणार, मग बोलणार. ही सवय झाली होती सगळ्यांना. खोलीत आम्ही दोघंच होतो. तो काचेपलीकडे, बॅटरीवरच्या छोट्या दिव्याखाली. मी अलीकडे.

तो गायला.

कसं सांगू? मी लग्नं, जयंत्या, कीर्तनं, सगळ्यांचे आवाज ऐकलेले आहेत. तसं काही पुन्हा ऐकलं नाही. शेवटच्या कडव्यात त्याने 'उलंगवाडी' हा शब्द इतका हलका सोडला की — मला पायांवर पाणी पडल्याचा आवाज आला. आईचा शब्द होता तो. तिच्यासारखाच म्हटला त्याने. आणि त्याचाच मला राग आला. माझ्या घरातलं नेऊन हा माझ्यापेक्षा चांगलं वापरतो?

मी फाईल बंद केली. कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह करायचं? मी 'नाही' दाबलं.

चूक झाली नाही. बोट घसरलं नाही.

मग दार उघडून म्हणालो, "लाईट गेली रे. काहीच राह्यलं नाही."

आमच्या जिल्ह्यात या वाक्यावर कुणी शंका घेत नाही. लग्न लांबलं, दळण राहिलं, पेपर बुडाला — लाईट गेली. संपलं. मिलिंद घामाने निथळत बाहेर आला आणि सवयीने त्याने पंख्याचं बटण दाबलं.

पंखा फिरायला लागला.

तो पंख्याखाली उभा राहिला. वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं — किती वेळ, ते मला आजही मोजता येत नाही. आणि म्हणाला, "आली वाटते."

कोमट पाणी प्यायला, पंखा बंद केला, पुन्हा आत गेला. दुसरा टेक अर्ध्यात सुटला. तिसऱ्यात, त्याच शब्दावर, त्याचा आवाज फाटला. तोच टेक अल्बममध्ये आहे. लोक लिहितात, त्या फाटलेल्या आवाजात सगळं आहे, काळीज चिरतं. मी वाचतो ते. सगळं वाचतो.

ऑपरेशननंतर उरली ती कुजबुज.

गळा तसाही जाणारच होता. डॉक्टर म्हणालेच होते. दोन टेकने काय फरक पडतो? बघा — ही माझी घासाघीस. स्वतःच्या गुन्ह्याचा भाव मी इतकी वर्षं असा पाडत आलो. पण पहिला टेक होता. तो पुरेसा होता. तो ऐकलेला माणूस जगात मी एकटा, आणि तो अजून ऐकू येतो. टाकीत नळ सुटला की येतो. बायको अंगणात पाय धुते, तेव्हा मी उठून आत जातो.

राग? तोही गेलेला नाही. खोटं कशाला बोलू.

या ज्येष्ठात मिलिंद आला होता, मुलीला कॉलेजात सोडायला आला तसा माझ्याकडे. काचेच्या अलीकडे बसला. चहा आला, आणि खरोखर लाईट गेली. पंखा हळूहळू थांबत गेला. मिलिंदने वर पाहिलं, पातं पूर्ण थांबेपर्यंत पाहत राहिला, आणि त्या उरलेल्या कुजबुजीत म्हणाला, "आज खरंच गेली वाटते, भाऊ."

हसलाही थोडा. बशीत चहा ओतला.

लाईट यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं घाम पुसत बसलो होतो. तो मुलीच्या वसतिगृहाबद्दल सांगत होता. त्या पाऊण तासात मला एक वाक्य बोलता आलं असतं. मग पंखा सुरू झाला, तो उठला, चप्पल घातली आणि गेला.