नापासबाई

नापासबाई कुणाच्याही घरात शिरली की माणसांकडे बघायची नाही, आधी आढ्याकडे बघायची. घरधनीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी, पोरंटोरं दारात गोळा झालेली, आणि ही बया मान वर करून वासे न्याहाळतेय. "पानी मंग पिसू," म्हणायची आणि तांब्या परत पाठवायची. चूल नापास झाली तर त्या घरचं पाणी प्यायचीच नाही. सगळे तिला अहो-जाहो करत. मीही तोंडावर ताई म्हणायचो. मनात मात्र कायम अगं-तुगं, आणि इथेही तसंच लिहिणार आहे. मला ती बाई आवडत नव्हती. आजही आवडत नाही.

मी शहाद्याचा. आयटीआय करून पत्र्याचं काम शिकलेला. एका संस्थेने धडगावच्या वरच्या पाड्यांमध्ये धुराड्याच्या चुली बसवायचं काम काढलं आणि ते मला मिळालं. चूल मातीचीच, पण मागून लोखंडी पाईप निघून कौलांतून बाहेर जायचा. धुराने बायांचे डोळे गेलेले, मुलं खोकून बेजार. काम पुण्याचं होतं आणि मी ते मन लावून करत होतो, असं माझं मत होतं. मी बसवायची, तिने तपासायची. तिची सही पडेपर्यंत घरच्यांनी चूल वापरायची नाही. सहीपेक्षा नकारच जास्त मिळायचा, म्हणून जीपवाल्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं.

पहिल्याच पाड्यावर तिने माझ्या अकराच्या अकरा चुली नापास केल्या. मी वरचा पाईप खालच्यावर टोपीसारखा चढवला होता. कौलं तशीच घालतात, पत्रे तसेच चढवतात. वरचं खालच्यावर, म्हणजे पाणी आत शिरत नाही. घर शाकारताना पाहिलेला कुठलाही माणूस असंच करेल. तिने एका चुलीत ओली लाकडं घालून जाळ करायला लावला. थोड्या वेळाने पाईपच्या जोडातून काळं चिकट डांबर बाहेर ओघळू लागलं. धुरातलं हे डांबर आतल्या आत खाली उतरायला हवं, म्हणजे वरचा पाईप खालच्याच्या पोटात जायला हवा. बाहेर साचलं तर तेच पुढे पेटतं. तिने ते बोटावर घेतलं आणि सरळ माझ्या शर्टाच्या खिशाला पुसलं.

"पावसाले पाईप बसाडा तू, धुराले नई. बठा उतार."

म्हणजे अकराही पाईप उतरवायचे. अख्खा पाडा बघत होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

तिच्या पिशवीत एक गोल आरसा असायचा. धुराड्याच्या तळाशी काजळी काढायला झाकण ठेवलेलं असतं, ते उघडून ती आरसा आत धरायची आणि घरातल्या म्हातारीला, सुनेला, जी असेल तिला बोलवायची. "आभाय दिसस का?" पाईपच्या टोकाला आभाळाचा चकचकीत तुकडा दिसला तर वाट मोकळी. दिसला नाही तर माझ्याकडे वळून एकच शब्द. मी एकदा मोबाईलवर सगळे फोटो काढून दाखवले, म्हटलं ताई, वर चढायची गरजच नाही. ती म्हणाली, "फोटोमा धग दिसस का रे?" आणि पन्नाशी उलटलेली ती बाई पदर खोचून, शिडी लावून कौलांवर गेली.

धगीचं तर तिला वेडच होतं. पाईप आणि लाकूड यांच्यात चारी बाजूंनी दोन वीत जागा हवी. वासा जवळ येत असेल तर तो कापून बाजूला चौकट बसवायची. त्यावरही तिचं समाधान नाही. तासभर चूल धडधडून पेटवायला लावायची, मग वर चढून जवळच्या वाशावर तळहात टेकवायची आणि मला खालून मोठ्याने वीस मोजायला सांगायची. विसाच्या आत हात उचलला की चूल नापास. एकदा मी मुद्दाम भराभर मोजलं. तिने वरूनच सांगितलं, "परत मोज, हळू."

एकदा मीही सूड उगवला. तिची पिशवी आणायला ती मागे गेली असताना मी जीपवाल्याला चल म्हटलं. ती घाटाने दीड तास चालत दुसऱ्या पाड्यावर आली, घामाने निथळत. पिशवीतून भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा काढला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि जेवण झाल्यावर माझ्या दोन चुली नापास केल्या. तिच्या घरी कुणी भाजलं-बिजलं असेल, त्याशिवाय माणूस इतका कडू होत नाही, असं वाटून मी त्या दिवशी तिला विचारलं. "काहीबी व्हयेल नई," ती म्हणाली. "काम शे म्हनीसन करस."

त्या हंगामातलं शेवटचं घर एका आजीचं होतं. एकटी राहायची, टेकाडावर. माझ्या धाकट्या बहिणीची त्याच दिवशी हळद होती, आणि खाली जाणारी शेवटची जीप सुटायच्या बेतात होती. आजीच्या घरात पाईपजवळ एक वासा येत होता. तो कापून चौकट बसवायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून मी त्यावर पत्रा ठोकून मोकळा झालो होतो. पत्रा आणि पाईप यांच्यात एक वीतही जागा नव्हती. हे मला माहीत होतं.

नापासबाईने आरसा धरला, आभाळ दिसलं. मग तिने शिडी मागितली. मी म्हटलं, "ताई, आज बहिणीची हळद आहे. चूल तासभर पेटवली तर माझी जीप जाते."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे, आढ्याकडे नव्हे, नीट पाहिलं. "वर दोन वीत शे का?"

"शे," मी म्हटलं.

तिने सही केली. आजीच्या हातचं पाणी प्याली आणि मला म्हणाली, "जाय, बहीनले हयद लाव." इतक्या दिवसांत एवढं मऊ ती कधी बोलली नव्हती. जीपमध्ये बसताना मला वाटलं, आपण उगाच हिचा राग करत होतो.

थंडी पडली, चुली दिवसभर जळू लागल्या, आणि एका दुपारी आजीचं छप्पर पेटलं. लोक येईपर्यंत घर गेलं. आजी बाहेर पडली होती, पण मक्याचं बियाणं आत राहिलं म्हणून परत शिरली. जीव वाचला, दोन्ही हात भाजले.

आम्ही दोघं वर गेलो. पाड्यातली माणसं राखेभोवती उभी होती. बाई आजीसमोर जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सही मन्ही शे. मी वर चढनी नई." मी तिच्या मागे उभा होतो. मी बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं नाही.

परतताना जीपमध्ये मी कसंबसं विचारलं, "ताई, दोन वीत आहे असं मी सांगितलं होतं. संस्थेला लिहून दिलेल्या कागदावर माझं नाव का नाही लिहिलंत?"

"तपासनी मन्ही व्हती," ती बाहेर बघत म्हणाली. "तू सांगं आन् मी आयकं, तेले तपासनी म्हनतस नई."

चिडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. शर्टाला डांबर पुसणारी बाई त्या दिवशी मला एक वाकडा शब्द बोलली नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. संस्थेने तिला कामावरून काढलं. ती आपल्या गावी तापीकाठी निघून गेली, पुढे दोन वर्षांत वारल्याचं एका जीपवाल्याकडून कळलं. तेव्हाही मी गेलो नाही.

आजीचं नवं घर मी स्वतः खपून उभं केलं. वासा कापला, चौकट बसवली, तासभर चूल पेटवून हात टेकवला आणि वीस मोजले, हळू. अजूनही वर्षातून एकदा धुराडं बघायला जातो. आजी चहा करते. बोटं आखडल्यामुळे तिला कप धरता येत नाही. दोन मनगटांत दाबून आणते आणि माझ्यासमोर ठेवते. ती पावरी बोलीत बोलते, पण एव्हाना मला सगळं समजतं. दर वेळी तेच सांगते: त्या बाईने माझं घर जाळलं, आणि तू देवमाणूस, तू ते बांधून दिलंस.

मी अजून तिला काहीही सांगितलेलं नाही. चहा गार व्हायच्या आत पिऊन टाकतो.