मोतीभाऊंची फिकट नावं

फोन उचलल्यावर मोतीभाऊ कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. पहिलाच प्रश्न, “काय हराई गयं, भाऊ?” आणि समोरच्याचं खरंच काहीतरी हरवलेलं असायचं. जळगावात आमची छोटी कंपनी फोटो स्टुडिओवाल्यांसाठी लग्नाचे अल्बम जुळवायचं सॉफ्टवेअर बनवते. मोतीभाऊंचा सोनगीरला स्टुडिओ होता. मोबाईलने तो बंद पाडला आणि ते आमच्याकडे गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला आले. खानदेशातले निम्मे फोटोग्राफर त्यांना मामा म्हणायचे, उरलेले त्यांच्या शिव्या खायचे.

आमचं सॉफ्टवेअर उघडलं की अलीकडे वापरलेल्या अल्बमांची यादी दिसते. फोटोग्राफर मंडळी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकतात, आणि मग यादीतल्या नावावर क्लिक केलं तर अल्बम सापडत नाही. आमचे साहेब म्हणाले, असली नावं आपोआप उडवून टाकू, यादी स्वच्छ राहील. मोतीभाऊ खुर्चीवरून उठलेच.

“हराई गयं म्हणजे मरी गयं का, साहेब? नाव फिकट करा. खाले लिखा, शेवटलं कोठे व्हतं. काढानं का नही, ते ज्यानं त्याले ठरवू द्या.”

साहेबांनी नाइलाजाने ऐकलं. पुढे पारोळ्याच्या एका फोटोग्राफरचा अख्खा लग्नाचा अल्बम गायब झाला. बिचारा रडकुंडीला आला होता. फिकट नावाखाली ‘निळी डिस्क’ असा पत्ता होता, त्यानेच डिस्कला दिलेलं नाव, आणि ती डिस्क त्याच्या मेहुण्याच्या दुकानात निघाली. मोतीभाऊ आठवडाभर ऑफिसात मिरवत होते.

मग मोतीभाऊंचंच बिघडलं. आधी फोन करणाऱ्यांची नावं विसरायला लागले, मग ऑफिसातून घरी जायचा रस्ता. त्यांचा मुलगा किशोर त्यांना धुळ्याला घेऊन गेला. मी भेटायला गेलो तेव्हा विमलअक्का, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या.

“विमल कोठे शे?” मोतीभाऊंनी मला विचारलं.

“मीच ना विमल,” अक्का म्हणाल्या.

मोतीभाऊंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “नही हो बाई. विमल येगळी शे.”

किशोरने मला बाहेर ओट्यावर नेलं. “दिवसभर हेच चालतं. दारात जाऊन हाका मारतात, रडतात. आईला म्हणतो, विमल वारली असं सांगून टाक. रडतील, विसरतील, सुटतील तरी.”

मला त्याचा संताप आला. पण त्याचे डोळे लाल झाले होते. त्यालाही झोप नव्हतीच. दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मी जित्ती शे, किशोर. मना तोंडे कशी सांगू, मी मरी गई म्हणून?”

न राहवून मी अक्कांना मोतीभाऊंचं ऑफिसातलं ते भांडण सांगितलं, फिकट नाव आणि त्याखालचा पत्ता. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या.

“विमल कोठे शे?” पुन्हा तेच.

अक्का पलंगाच्या कडेला टेकल्या. “विमल सोनगीरले शे. स्टुडिओमा. तुम्हीनच तिना फोटो काढा व्हता, खिडकीपाशी. शेवटली तठेच व्हती.”

मोतीभाऊंचा चेहरा सैल पडला. “मंग शे. सापडी.” आणि त्यांनी त्या परक्या बाईला उरलेली बटणं लावू दिली.

पुढे रोज त्यांनी विचारलं आणि रोज अक्कांनी सोनगीर सांगितलं. मी भेटायला जाई तेव्हा मला ते ऐकवत नसे, त्या कशा सांगत होत्या कोण जाणे. उन्हाळ्यात मोतीभाऊ गेले. शेवटपर्यंत त्यांनी अक्कांना ओळखलं नाही.

मी गेलो तेव्हा अक्का तशाच पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. “बठ्ठं, सगळं इसरी गयात,” म्हणाल्या, “पन मनं नाव, विमल, त्यास्नी सोडं नही.” आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू त्यांना आवरेना.