लोखंडाची टोपडी

आमच्या घरात गॅसच्या सिलिंडरलासुद्धा फ्रॉक आहे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, रागाने सांगते. मिक्सरला झालरीचं कव्हर, फ्रीजच्या हँडलला कव्हर, टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्या पिशवीला वरून रबरबँड. सोफ्यावर चादर, चादरीखाली शिवून घेतलेलं कव्हर, आणि त्याच्याखाली दुकानातून आलेलं प्लॅस्टिक. सोफ्याचा रंग मी दुकानात पाहिला होता, तेवढाच. उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना खालच्या प्लॅस्टिकचा मांडीचं कातडं सोलून निघाल्यासारखा आवाज होतो.

हे सगळं माझ्या नवऱ्याचं काम. माझं माहेर निपाणीचं. तिथे पाहुण्यांच्या कपबशा वेगळ्या नव्हत्या. चांगल्या कपातून घरची माणसं रोज चहा प्यायची, कप फुटायचे, आई दोन शब्द बोलायची आणि नवे यायचे. लग्न होऊन बेळगावला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आहेराचा डिनर सेट काचेच्या कपाटात गेला. तो अजून तिथेच आहे. त्यात कुणी जेवलेलं नाही.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. खानापूरकडच्या शेतकरी घरातला, शिकून सरकारी नोकरीत आला, टिळकवाडीत घर बांधलं. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. पण माणूस चांगला असला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. शेजारणीला सांगायला गेलं तर ती म्हणते, नशीबवान आहात बाई. मग तो राग घेऊन मी कुठे जायचं?

मी गेले गोल्फच्या मैदानावर.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. माझी एक मैत्रीण, फौजी अधिकाऱ्याची बायको, मला एका सकाळी लष्करी कॅम्पाकडच्या मैदानावर घेऊन गेली. तिने हातात काठी दिली आणि म्हणाली, मार. पहिले तीन-चार फटके मी नुसतं गवत उपटलं. मग एक लागला. चेंडू कुठे गेला ते कळलंच नाही, पण तो लागतानाचा टणका हातातून थेट खांद्यापर्यंत आला. सगळी हयात मी वर्गात उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडले, पण एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं. वर्षभर मैत्रिणीच्या काठ्या उसन्या घेऊन खेळले. मग बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून त्याचा जुना सेट विकत घेतला. माझ्या पेन्शनच्या पैशातून. घरात माझी म्हणून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोल्फच्या पिशवीत दोन जातीच्या काठ्या असतात. काही मोठ्या डोक्याच्या, आतून पोकळ, रंगवलेल्या. त्यांना सगळेच टोप्या घालतात, कारण टवका उडाला की कामातून जातात. बाकीच्या सपाट लोखंडी डोक्याच्या, त्यांना आयर्न म्हणतात. त्या जमिनीवर, मातीवर, गवताच्या मुळांवर आपटण्यासाठीच केलेल्या असतात. त्यांना कुणी टोप्या घालत नाही. माझा सेट तर मऊ लोखंडाचा होता, वरचं पॉलिश ठिकठिकाणी उडालेलं. चालताना पिशवीत काठ्या एकमेकींवर वाजायच्या, खणखण. मला तो आवाज फार आवडायचा. मी येतेय हे मैदानाला लांबूनच कळायचं.

सेट घरी आला त्याच आठवड्यात नवरा पिशवीतल्या काठ्यांची मापं घेऊन स्कूटरच्या सीटला कव्हरं शिवणाऱ्याकडे गेला. येताना प्रत्येक आयर्नला एकेक कव्हर घेऊन आला. मरून रंगाचं जाड रेक्झिन, आत मऊ फ्लॅनेल, बंद करायला वेल्क्रो, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने घातलेला त्या काठीचा नंबर. आमच्या स्कूटरची सीटही त्याच रेक्झिनची आहे.

"आता बघ," तो म्हणाला. "एकमेकांवर आपटून चरे पडत्यात, ते बंद."

"अहो, जमिनीवर आपटायच्याच असत्यात त्या," मी म्हटलं.

"जमिनीवर आपटल्यानं काय हुतंय? लोखंडावर लोखंड आपटलं की चरे पडत्यात."

पहिल्याच दिवशी मैदानावर हसं झालं. फटका मारायचा म्हणून मी वेल्क्रो ओढलं की चर्रर्र असा आवाज. शेजारी कुणीतरी श्वास रोखून चेंडूवर नजर लावून उभा असायचा, त्याचा फटका हुकायचा आणि तो माझ्याकडे बघायचा. मारून झालं की कव्हर पुन्हा चढवायचं, तोवर मागचे लोक खोळंबून उभे. एकदा पाच नंबरचं कव्हर गवतात राहिलं, ते शोधायला अर्धं मैदान परत चालले. लोक त्यांना टोपडी म्हणायला लागले. "काय बाई, बाळं निजली का?" असं एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

या विषयावर गोल्फवाल्यांत दोन तट आहेत हे मला तेव्हा कळलं. बहुतेकांना आयर्नवरची टोपडी म्हणजे नवशिकेपणाची पाटी वाटते. पण आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, मुरलेले खेळाडू, ते घालतात. त्यांचं म्हणणं, मऊ लोखंडाला खळगे पडतात, प्रवासात तर पडतातच, आणि माझी वस्तू मी जपली तर तुमचं काय जातं? हे मला पटलं होतं. त्यांची वस्तू, त्यांचा हात, त्यांची टोपडी. मैत्रीण मात्र म्हणाली, चऱ्यांनी चेंडूला काही फरक पडत नाही, काठी धुऊन कोरडी ठेवली म्हणजे झालं. मग मी घरातून निघताना टोपडी घालून निघायचे आणि मैदानाच्या फाटकात सगळी काढून पिशवीच्या कप्प्यात कोंबायचे. परतताना पुन्हा चढवायची. साठी उलटलेली बाई, नवऱ्याला कळू नये म्हणून फाटकात उभी राहून लोखंडाला टोपडी घालते! शाळेत एखादी पोरगी रिबिनी सोडून फिरताना दिसली की मी तिला दम द्यायची. आता ती पोरगी मीच झाले होते.

आणि त्याला ते कळलंच. एकदा पाच नंबरवर त्याला चरा दिसला. बोटाने चाचपत म्हणाला, "असं केलंस तर उद्या विकताना कोण घेणार?"

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली. "विकताना म्हणजे?"

"म्हणजे कधीतरी. आपण घेतला तसा कोणतरी घेणारच की आपल्याकडनं."

म्हणजे मी खेळायला लागून दोन पावसाळे झाले नव्हते आणि या माणसाने माझ्या थांबण्याची तयारी सुरू केली होती. ती टोपडी माझ्यासाठी नव्हती, माझ्या काठ्यांसाठीही नव्हती. माझ्यानंतर येणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी माणसाला सेट कोरा मिळावा म्हणून होती. त्या दिवशी मी जेवले नाही. त्याने दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का?

मग माझा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हा पावसाळा विश्रांती घ्या, व्यायाम करा, पुढचं पुढे बघू. शेवटचा खेळ भुरभुर पावसात झाला होता. काठ्या ओल्या होत्या. हात दुखत होता म्हणून मी पिशवी तशीच दारात ठेवली आणि नवऱ्याने ती आत नेली. टॉवेलने वरवर पुसून प्रत्येक काठीला टोपडं घातलं, वेल्क्रो दाबून बसवलं, वरून पिशवीला मोठं प्लॅस्टिक बांधलं आणि सगळं पलंगाखाली सरकवलं.

बेळगावचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. कणकुंबीकडून ढग येतात ते इथेच बसतात. मीठ ओलं, पापड ओले, चपलांवर बुरशी, कपाटात वास. त्या दिवसांत मी पलंगावर बसून खांद्याचे व्यायाम करायची, कण्हायची, आणि पलंगाखाली माझी पिशवी आहे एवढ्याचाच आधार वाटायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. नवरा त्या दिवशी पुरता गावाकडचा होतो. वडिलांचा विळा, कोयता, खुरपं, स्वतःचे पाने-स्क्रूड्रायव्हर, सगळं धुऊन पाटावर मांडतो. या वर्षी त्याने पलंगाखालून माझी पिशवी ओढून काढली आणि आयर्नही पाटाशेजारी ओळीने मांडले. टोपड्यांसकट.

"टोपडी काढा की," मी म्हटलं.

"राहू दे गं. हळद लागली तर डाग पडतील."

आणि त्याने रेक्झिनवर हळदीकुंकू वाहिलं. एरवी मी भांडले असते. पण त्या दिवशी डोळे भरून आले. वाटलं, याने माझ्या काठ्या आपल्या बापाच्या विळ्याशेजारी ठेवल्या. म्हणजे मी परत खेळणार असं याला वाटतंय. किती खुळी मी.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी बँकेत बदलून आलेला एक तरुण अधिकारी घरी आला. मैदानावर मी त्याला पाहिलं होतं. आपट्याची पानं देऊन वाकून नमस्कार केला, सोफ्यावर करकर आवाज करत बसला. मी चहा घेऊन बाहेर आले तर हॉलच्या मधोमध माझी पिशवी उभी.

"मॅडम, तुम्ही खेळणं सोडलंत असं सर म्हणाले," तो मुलगा म्हणाला. "वाईट वाटलं ऐकून."

ट्रे हातात तसाच राहिला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. लगबगीने पिशवीपाशी गेला, सात नंबर काढला आणि म्हणाला, "एकदम जपून ठेवलाय बघा. चरा न्हाय."

चर्रर्र. टोपडं निघालं.

आत तांबडं होतं. नुसते ठिपके नव्हेत, खपल्या. ओल्या फ्लॅनेलने पावसाळाभर लोखंडाला कवटाळलं होतं. फ्लॅनेलही तांबडं झालेलं आणि कुबट वास. नवऱ्याने आठ नंबर काढला. चर्रर्र. तसंच. मग सहा, मग नऊ. तो काढत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी सोफ्यावरची चादर ओढून तिनेच लोखंड घासायला लागला. "हे पुसलं की जातंय," तो म्हणत होता. मुलगा चांगल्या घरचा, चहा संपवून उठला. "सर, मी नंतर फोन करतो," म्हणाला.

दार लागलं आणि मी तोंड उघडलं. गल्लीत ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

"मला विचारलंत? एका शब्दानं विचारलंत?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर 'बघू' म्हणाले! 'बंद' कोण म्हणालं? तुम्ही!"

"अगं, समोर दिसलं की तुला वाईट वाटंल, म्हणून म्हटलं नजरेआड..."

"मला वाईट वाटू नये म्हणून माझीच वस्तू विकायची? काल हळदीकुंकू वाहिलं ते काय पाठवणीचं?"

त्याच्या हातातली चादर तांबडी झाली होती. मी देव्हाऱ्याजवळ गेले, पाटावरचा विळा उचलून त्याच्यासमोर धरला. मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली, पातं चकचकीत.

"तुमच्या वडिलांच्या विळ्याला कधी कव्हर होतं?"

त्याने विळा माझ्या हातातून घेतला. "न्हवतं," म्हणाला. "रोज हातात असायचा."

कुणी मला विचारलं की आयर्नला टोपडी घालावी का, तर आता मी सांगते. लांबच्या प्रवासाला नेणार असाल तर घाला. घरी आल्यावर काढा. आणि ओल्या लोखंडाला कधी घालू नका, तेही दुसऱ्याच्या लोखंडाला, त्याला न विचारता.

त्या मुलाचा फोन आला नाही. गंजलेल्या सेटला गिऱ्हाईक कुठलं? म्हणून तो माझ्याकडेच राहिला, यात नवऱ्याची काही मेहेरबानी नाही. त्याच संध्याकाळी मी खोबरेल तेल आणि जुनी साडी घेऊन अंगणात बसले आणि एकेक काठी घासली. डाव्या हाताने जास्त, उजव्याने जमेल तेवढी. खपल्या गेल्या, डाग राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेले. नुसता सात नंबर घेऊन. हात अर्ध्यातूनच परत फिरत होता. चेंडू गेला तो पोराने रागाने चप्पल फेकावी इतकाच. पण लागला. टणका आला, खांद्यात कळही आली, आणि मी तिथेच उभी राहून मोठ्याने ओरडले. मैत्रिणीला वाटलं मी रडतेय.

घरी आले तर नवरा दारात. काठीला माती लागलेली. त्याने ती माझ्या हातातून घेतली, धुतली, कोरडी केली. खाली एक नवा चरा पडला होता, त्याला तो दिसला. हात सवयीने टीपॉयवरच्या टोपड्याकडे गेला. मी बघत होते. त्याने हात मागे घेतला आणि काठी उघडीच दारामागे छत्रीशेजारी उभी केली.

विकायला काढल्याबद्दल तो अजून चुकलं म्हणालेला नाही, आणि माझा रागही गेलेला नाही.

"उद्या पण जाणार?" त्याने विचारलं.

"रोज," मी म्हटलं.