हिरवा जाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या मालकांनाही नाही, आणि त्यांना जाऊनही आता किती वर्षं झाली.

चौपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. बारामतीच्या कडेला आमचं तांब्याची भांडी घडवणारं घर होतं. भांडी तेजाबात धुवायची, तांबं उतरून निळसर झालेलं ते पाणी टाकीत साठवायचं, चुना घालून तांबं तळाला बसलं, पाणी निवळलं की मगच सोडायचं — हे काम माझ्याकडे. शेजारच्या हौसाक्कांची विहीर आटली, तेव्हा सासऱ्यांनी ते निवळलेलं पाणी त्यांच्या पेरूंना देऊ केलं.

चुन्यानं माझे हात सोलायचे. म्हणून — म्हणूनच का? की नुसता कंटाळा? — मी चुना घालणं सोडून दिलं.

"निवळलंय न्हवं?" हौसाक्का विचारायच्या.

"व्हय," मी म्हणायची.

झाडं पिवळी पडली, शेंड्याकडून वाळत गेली. पण नुसती झाडंच गेली असती, तर हे मी कधीच बोलून टाकलं असतं.

हौसाक्कांची धाकटी जाऊ सखू. मूलबाळ नव्हतं तिला. रोज पेरूंच्या खोडांवरून हात फिरवायची, त्यांच्याशी बोलायची. हौसाक्का एकदा आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "हिचीच नजर लागली झाडास्नी. तुला काय वाटतंय गं?" सखू मागंच उभी होती. माझ्याकडे बघत होती — मी काहीतरी बोलावं म्हणून.

मी म्हणाले, "आसंल बाई."

त्याच आठवड्यात तिला अंथुर्ण्याला माहेरी धाडलं. कायमचं.

पुढं झाडं खणून काढली. वाळलेली मुळं हौसाक्कांनी आमच्या चुलीला दिली. भर दुपारी मी भाकरी थापत होते आणि जाळ एकदम हिरवा झाला — मोराच्या पिसाऱ्यासारखा. भाकरी करपली, तरी मी हलले नाही. मी ओतलेलं तांबं त्या मुळांनी शोषलं होतं, मरेपर्यंत धरून ठेवलं होतं. केवढी ही ताकद! मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच — हात जोडावेसे वाटले. एवढं देखणं पुन्हा मी काही पाहिलं नाही.

सासरे मागं येऊन उभे राहिले. वाकून त्यांनी जाळ पाहिला.

"तांबं हाय ह्ये. चुना घालत हुतीस न्हवं?"

त्या जाळासमोर बसून — "व्हय," मी म्हणाले.

सखू अंथुर्ण्यालाच वारली. तिकडची माणसं सांगत, ती रानात कधी झाडाच्या सावलीला बसायची नाही, उन्हातच भाकरी खायची. आपली नजर झाडांना लागते, हे तिला खरंच वाटलं होतं.