पुण्याला नेलेला तुकडा

सोलापूरच्या गाडीतून संध्याकाळी स्वारगेटला उतरले तेव्हा अंग पार आंबून गेलं होतं. मांडीवरचा डबा मात्र जागचा हलू दिला नव्हता. त्यात नखाएवढा तुकडा होता, टोपोलॉजिकल इन्सुलेटरचा (पोटातून वीज जाऊ न देणारा, पण काठाकाठाने इलेक्ट्रॉन न अडखळता धावू देणारा पदार्थ). निदान आमचा तसा दावा होता. त्यावर माझी सहा वर्षं गेली होती, आणि आमचे सर शनिवारी निवृत्तीच्या भाषणात तेच सांगणार होते.

रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगितलं. "पुण्यात नवीन दिसताय," एवढंच तो म्हणाला. कोथरूडला मावशीने भरली वांगी केली होती; जेवतानाही डबा ताटाशेजारीच होता.

सकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेत तिथल्या प्रमुख करंदीकर मॅडमनी तुकडा क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंडीचा थर्मासच तो) उतरवला. आमच्याकडचं यंत्र इतकं थंड होत नाही. अकराच्या सुमारास पडद्यावर रोधाचा (वीज किती अडते त्याचा) हवा होता तोच आकडा येऊन थांबला. मला रडूच आलं. मॅडमनी विचारलं, मधोमध ओरखडा मारून कधी पाहिलंत का?

वीज खरंच काठाने जात असेल, तर मधल्या ओरखड्याने आकडा हलायला नको. पण चांगला तुकडा एकच, म्हणून सर हात लावू देत नसत. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं.

"अहो, आकडा योगायोगानेही येतो," मॅडम म्हणाल्या. " फ्रेम करून लावायचा असेल तर राहू द्या."

मीच सुई फिरवली. तुकडा पुन्हा थंड होईपर्यंत कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी घेऊन बसले. तिचा गोळा झाला. चारला आकडा आला, जवळजवळ दुप्पट. वीज पहिल्यापासून मधूनच जात होती. मॅडमनी वही पुढे सरकवली आणि मी तसं लिहिलं.

परतीची गाडी हडपसरच्या गर्दीत अडकली असताना सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"ओरखडा मारायला कोणी सांगितलं?"

मॅडमचं नाव ओठावर आलं होतं. "मीच मारला, सर."

"भाषणातून ते काढतो," ते म्हणाले. "शनिवारी ये. पण पुढच्या रांगेत बसू नकोस."

डबा मी वरच्या फळीवर टाकला होता. उठून तो खाली काढला आणि सोलापूर येईपर्यंत मांडीवर धरून बसले.