नदीकडची वाट

सायखेड्याच्या शाळेत मी होतो तेव्हा धनगर वस्तीतल्या गोजराबाई आमच्या कुंपणालगतच्या बाभळीखाली लोकर मोकळी करत बसत. गुंता लागला तरी त्या तो ओढत नसत. कडेचा एकेक तंतू सोडवत आत जात. बोलणंही तसंच होतं. आवाज चढत नसे आणि विषय सुटत नसे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात खंडेरावांनी मळ्याला तारेचं कुंपण घातलं आणि गोदावरीकडे उतरणारी मेंढरांची वाट त्यात गेली. खंडेरावांचंही अगदीच चुकत नव्हतं, कळपाने त्यांचा कोबी खाल्ला होता. पण दिवाळीनंतर कातरणी, आणि कातरणीआधी मेंढरं नदीत धुवायची. मातीने भरलेली लोकर घोंगडी विणणारे हातात घेत नाहीत. बाकी सगळीकडे काठ इतका उभा, की गाभण मेंढी उतरूच शकत नाही.

"आता फाइट द्या, कोर्टात जा," पंचायतीतले यादव गोजराबाईंना म्हणाले.

गोजराबाई सरळ माझ्याकडे आल्या. "गुरुजी, तुमी इंग्रजी शिकवता. ज्याच्या त्याच्या तोंडात फाइट. किरकेटात फाइट, निवडणुकीत फाइट. म्हंजी नेमकं काय?"

"भांडण, लढाई. आपली पोरं नुसत्या गुद्द्यालाही फाइट म्हणतात."

"मूळ काय त्याचं?"

मी शाळेतला जाडजूड शब्दकोश काढला. शब्द फार जुना निघाला. त्याच्या मुळाशी उपटणं, लोकर विंचरणं अशा अर्थाचा धातू असावा, असा काही विद्वानांचा अंदाज होता. झिंज्या ओढण्यावरून गोष्ट लढाईपर्यंत गेली असेल, असं मी त्यांना सांगितलं.

त्या हसल्या. "मंग यादवला सांगा, म्हातारी जल्मभर तेच करती. पण कोर्टात नाय जायची. तारीख लागंस्तवर माझी मेंढरं मरतील."

कांदा लावण्याआधी रानात मेंढरं बसवायची रीत आहे. कळप रात्री शेतात मुक्काम करतो, लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य देतो. खंडेरावांच्या रानात दरसाल गोजराबाईंचाच कळप बसे. खंडेराव विचारायला बाभळीखाली आले तेव्हा मी तिथेच होतो.

"वहिनी, मेंढरं कवा बसवता?"

"धुतल्यावर."

"मंग धुवा की."

"कुठनं नेऊ, भाऊ? तारंवरनं उड्या मारायचं शिकवलं नाय त्यांना."

खंडेरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माणूस जाईल येवढी फट ठिवतो."

"मेंढरू रांगंत चालतं व्हय? ते काय गुरुजींच्या शाळंतलं हाय? एक अडकलं का मागची त्याच्यावर चढत्यात. व्हती तेवढी वाट पायजे."

"आन माझा कोबी?"

"वाटंच्या दोन्ही अंगाला तार लाव. धरू लागाया मी आन सून येतो."

"आन नाय म्हणलं तर?"

"तर यंदा माझी लोकर मातीत जाईल, आन तुझं रान खताबिगर ऱ्हाईल. बघू."

खंडेराव टोपी घालून निघून गेले. दुसऱ्या वस्त्यांवरची कातरणी उरकली. सून सुवर्णा म्हणाली, "आत्याबाई, फट तर फट. दोन-दोन करून नेऊ." गोजराबाईंनी नकारार्थी मान हलवली. आज फट घेतली, तर पुढल्या साली तीच वाट ठरेल, एवढंच त्या बोलल्या. कळप मळलेल्या लोकरीनिशी उभा होता. त्या रोज त्याच्याकडे बघत आणि खाली बसून हातातला गुंता सोडवत.

यादवांनी येता-जाता टोमणा मारला, "काय झालं तुमच्या फाइटचं?"

"चालू हाय."

रानाची नांगरट तोंडावर आली, तेव्हा एका सकाळी खंडेराव पहार घेऊन कुंपणापाशी आले. खांब स्वतःच उपटू लागले. गोजराबाई आणि सुवर्णा तार धरायला गेल्या. नवे खांब दोन्ही बाजूंना रोवून झाल्यावर गोजराबाई मधोमध उभ्या राहिल्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"भाऊ, ह्यो खांब अजून जरा सरकव."

"वहिनी, आता पुरे की."

"गाभण मेंढ्या हायत."

खंडेरावांनी पहार पुन्हा उचलली. खांब सरकला. मग गोजराबाईंनी जीभ टाळ्याला लावून टक्-टक् आवाज केला, आणि अख्खा कळप धूळ उडवत, एकमेकांना ढोसत नदीकडे उतरला. एकही मेंढरू तारेला लागलं नाही.