पूजेच्या आधीचे तीन तास

बेहाल्याच्या शकुनताई दिघे म्हणजे आमच्या संशोधन संस्थेतला सगळ्यात स्थिर हात. जन्म कलकत्त्याचा, मराठी घरापुरतं, भांडण बंगालीत. नळीत साखरेच्या पाकाचे थर असे चढवायच्या की एक दुसऱ्यात मिसळत नसे. मी तिथला इलेक्ट्रिशियन आणि युनियनचा सेक्रेटरी. मॅट्रिक नापास, पण ताईंच्या वहीतलं मला समजायचं. साहेबांना समजायला वेळ लागला, तो त्यांचा प्रश्न.

ठरावीक खुराक चौदा दिवस दिला की उंदराचं यकृत चरबीनं पिवळं पडायचं, कारण चरबी बाहेर नेणारं प्रथिन पुरेसं बनत नसे. आमचे मुख्य शास्त्रज्ञ जयंतबाबू म्हणायचे, ते बनवायचा निरोप, म्हणजे आरएनए, निघतच नसेल.

"निघतो हो," ताई म्हणायच्या. "दुसरी प्रथिनं त्याला धरून बसतात, वाचू देत नाहीत. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये घुमवली की जड ते खाली जातं; धरलेला निरोप वर, हलक्या थरात सापडेल."

जयंतबाबू हसले. "एकदाच दाखवा. नाही दिसलं तर विषय बंद."

आणि चौदावा दिवस नेमका विश्वकर्मा पूजेला आला! ताई दिवस मोजायच्या पुण्याहून आलेल्या कॅलेंडरवर. त्यात विश्वकर्मा कुठला असायला? त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, कोणी ती चालवत नाही. ही सुट्टी मी दोन दिवस फाटकात बसून मिळवली होती, आणि किल्ली माझ्याच खिशात.

सकाळी आठला ताई दारात. "विनायक, सेंट्रिफ्यूजच्या खोलीची किल्ली दे."

"आज यंत्राला हात नाही, ताई."

"उद्या पंधरावा दिवस. तो आकडा जयंतबाबू धरणार नाहीत."

"मग अकरा वर्षं या संस्थेत काढून पुण्याची तारीख का बघता?" मी ओरडलोच.

"चुकलं माझं. पण खंडेनवमीला आई विळी पूजेला मांडायची, ती भाजी चिरून झाल्यावर. तुमची पूजा झाली कुठे अजून?"

मला राग आला, आणि पाठोपाठ हसू. सायकल काढली. नऊला आमच्याकडे यायला निघालेले पूजा सांगणारे ठाकूरमशाय कोपऱ्यावरच सापडले. मी त्यांच्या सायकलचं हँडल धरलं. "आधी गॅरेजची पूजा, मग छापखान्याची. आम्ही शेवटी."

"उपाशी मारतोस का रे?"

"खिचडी तुमच्यासाठी राखून ठेवतो. वांग्याच्या भज्यांसकट."

साडेदहा ते दीड यंत्र घुमलं. दारात मी उभा. बाहेर गच्च्यागच्च्यांवरून पतंग कापल्याचा आरडाओरडा. यंत्र थांबलं, ताईंनी ते पुसलं, दोन वाजता त्याला हार पडला. मोजायचं यंत्रही पूजेत गेलं. मग ताईंनी नळ्यांतले थेंब सुईनं एकेक करून वेगळे काढले आणि बर्फात ठेवले. हाताला सुट्टी मी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आलेख निघाला. खुराकवाल्या उंदरांचा आरएनए वरच्या, हलक्या थरात डोंगरासारखा उभा, आणि सोबत प्रथिनं. साध्या उंदरांत तिथे जेमतेम टेकाड.

जयंतबाबूंनी कागद दोनदा फिरवून पाहिला. "पुन्हा करावं लागेल."

"करू की," ताई म्हणाल्या.

जयंतबाबूंनी नवी वही काढली, आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं: प्रश्न, शकुन दिघे यांचा. ताईंनी वही पदराखाली धरली आणि मला म्हणाल्या, "विनायक, उद्या येताना एक बंगाली कॅलेंडर आण रे."